गावाकडच्या घरातले पिण्याचे पाणी : तपासायचे कसे, राखायचे कसे

पुणे जिल्ह्यातील कोणत्याही गावात पिण्याच्या पाण्याविषयी विचारले, तर उत्तर बहुधा चवीवरून मिळते. मुळशी, भोर, वेल्ह्याकडचा माणूस ‘आमचे पाणी गोड आहे’ असे अभिमानाने सांगतो आणि इंदापूर-दौंडकडचा ‘आमचे पाणी मचूळ’ म्हणून हळहळतो. दोघांचीही जीभ खरेच सांगते. मात्र पाणी पिण्यास सुरक्षित आहे की नाही, याचा त्या चवीशी फार थोडा संबंध असतो. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावरच्या विहिरीचे गोड पाणी चार दिवसांत अर्धी वाडी जुलाबाने आडवी करू शकते, आणि मचूळ पाण्यात डाळ शिजत नसली, साबणाला फेस येत नसला, तरी तेवढ्यावरून ते पाणी रोग देणारे ठरत नाही.

पाण्यातील दोष दोन जातींचे असतात, आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळेच घरोघरी पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. पहिली जात जंतूंची : माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात मिसळली की हगवण, कॉलरा, टायफॉइड, कावीळ हे आजार येतात, आणि ते काही तासांत किंवा आठवड्यांत येतात. दुसरी जात विरघळलेल्या पदार्थांची : क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, लोह. यांचा त्रास बहुधा सावकाश, वर्षानुवर्षे पीत राहिल्याने होतो. म्हणून आधी जंतूंचा बंदोबस्त आणि मग क्षारांचा विचार, हा क्रम घरात पक्का असावा. आपला जिल्हा बेसाल्टच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. पश्चिमेकडे पाऊस भरपूर आणि क्षार कमी, त्यामुळे तिकडे जंतू हीच खरी काळजी. पूर्वेकडे बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर पट्ट्यात पाऊस तुटपुंजा, उसाला पाणी आणि खत भरपूर, म्हणून तिथे विंधन विहिरींच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट हीही काळजी, पण जंतूंखेरीज नव्हे, जंतूंबरोबर.

पाणी नेमके कुठे बिघडते

पाणी विहिरीपासून पेल्यापर्यंत येताना चार टप्पे ओलांडते : स्रोत, गावची टाकी, जलवाहिनी आणि घर. कोणताही उपाय करण्यापूर्वी या चारही ठिकाणी स्वतः जाऊन पाहावे. एक सकाळ पुरते.

विहिरीला कठडा आहे का, बाजूचा ओटा फुटून सांडलेले पाणी परत विहिरीत झिरपते का, कोणी काठावर कपडे किंवा भांडी धुते का, हे पाहावे. शौचालयाचा शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. कातळाला भेगा असतील तर १५ मीटरही कमीच समजावेत, कारण भेगेतून पाणी गाळले न जाता सरळ धावते. हापशाचा ओटा उखडलेला असेल आणि भोवती डबके असेल, तर तो हापसा वरून कितीही खोल असला तरी डबक्याचेच पाणी थोडेफार पाजतो.

जलवाहिनीचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित. गावात पाणी दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड सुटते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आतला दाब जातो आणि गटाराशेजारून गेलेल्या नळीला बारीकशी फट असली तरी गटारातले पाणी आत ओढले जाते. त्यातच कोणी नळालाच मोटार लावून पाणी खेचत असेल, तर ते ओढणे दुप्पट होते. नळाला मोटार लावणारा शेजाऱ्याचे पाणी पळवतो एवढेच लोक बोलतात. तो स्वतःच्या हंड्यात गटारही खेचून आणतो, हे फारसे कोणी बोलत नाही. यावर घरच्या घरी करता येण्यासारखी गोष्ट एवढीच की पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटे आलेले पाणी बादलीत धरून झाडांना किंवा धुण्याला वापरावे आणि त्यानंतरच पिण्याचा हंडा नळाखाली लावावा.

चौथा टप्पा घराचा, आणि माझ्या अनुभवात निम्मे दोष इथेच सापडतात. पुरंदर तालुक्यातील आमच्या घरी एकदा जंतुपरीक्षेच्या तीन बाटल्या भरल्या होत्या. या एचटूएस बाटल्या ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळू शकतात. आतल्या खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून हलवायचे आणि घरातल्या उबदार जागी ठेवून एक ते दोन दिवस वाट पाहायची, पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. पहिली बाटली नळाची, दुसरी पितळी हंड्याची, तिसरी माठाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळाची आणि हंड्याची बाटली होती तशीच होती. माठाची मात्र शाईसारखी काळी झाली होती. माठावर झाकण होते, माठ रोज भरला जात होता, पण पाणी काढायला दांडी नसलेला पेला होता. घरातला प्रत्येक जण, शाळेतून आलेली मुले आणि गोठ्यातून आलेला गडीसुद्धा, मनगटापर्यंत हात बुडवून त्याच पेल्याने पाणी घेत होता. माठ घासून, उन्हात वाळवून, लांब दांडीचे ओगराळे आणल्यावर आठवड्याने पुन्हा बाटली भरली, ती स्वच्छ निघाली. काळी झालेली बाटली फेकण्यापूर्वी तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवावी, कारण आत वाढलेले जंतू मोरीत सोडणे बरे नव्हे.

प्रयोगशाळेतली तपासणी

बाटलीची परीक्षा ही इशाऱ्यापुरती असते. पक्का निकाल प्रयोगशाळेचा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. पाण्याचे नमुने तिच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत तपासले जातात. आपल्या गावाला जवळची प्रयोगशाळा कोणती, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) किंवा गावच्या पाणीपुरवठ्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकाला विचारावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावातील पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ठाऊक असले तर क्लोरीन, नायट्रेट, कठीणपणा यांचा अंदाज गावातच मिळतो.

नमुना चुकीचा घेतला तर निकालही चुकतो. रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन पुरतो. तो त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी आणि ती मुळीच विसळू नये, कारण तिच्या तळाशी क्लोरीन मारणारे औषध घातलेले असते. नळाचे तोंड पुसून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता बाटली भरावी, वर थोडी जागा ठेवावी, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत पोहोचवावी. नमुना टाकीजवळच्या नळाचा न घेता शेवटच्या घराच्या नळाचा घ्यावा. टाकीखाली पाणी सगळीकडेच चांगले असते.

अहवाल हातात आल्यावर भारतीय मानक १०५०० मधील काही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळताच कामा नये; इथे ‘थोडेसे चालेल’ हा प्रकार नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि यातही सवलत नाही. पुढचे आकडेही लिटरमागे मिलिग्रॅमचेच : विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा २०० पर्यंत चांगला, ६०० पर्यंत सुसह्य. फ्लोराईड १ पर्यंत ठीक, १.५ च्या वर नको. हा त्रास यवतमाळ, चंद्रपूरकडे जास्त ऐकू येतो, तरी खोल विंधन विहीर असेल तर एकदा तपासून मोकळे व्हावे.

नायट्रेटविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ते रंग, वास, चव यांतून कळत नाही, आणि पाणी उकळले तर ते जात नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला असे पाणी दिले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ-नखे निळसर पडतात. अहवालात नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर त्या बाळासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी आणणे हाच उपाय आहे, मग त्यासाठी दोन हंडे लांबून आणावे लागले तरी.

टीसीएल, योग्य मापाने

गावात ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर हा जंतूंवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरला जाणारा उपाय आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, पण पोते उघडे राहिले, ओल लागली, उन्हात पडले की ते झपाट्याने उडते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणे म्हणजे पाण्यात चुना कालवण्यासारखे आहे. म्हणून घरी आणायची तर थोडी आणावी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. धातूचा डबा नको, तो गंजतो.

चांगल्या पावडरीचे माप १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. घरावरच्या टाकीसाठी ती कोरडी टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी पातळ लगदा करावा, मग बादली भरावी, दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी आणि चुना तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतून ढवळावे. नाकाला फडके बांधून, मोकळ्या हवेत हे काम करावे. त्यानंतर किमान अर्धा तास कोणी ते पाणी पिऊ नये.

विहिरीचे गणितही अवघड नाही. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी, विहिरीचा व्यास मोजावा, दोन्ही मीटरमध्ये. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणले की लिटर. ५ मीटर व्यासाच्या आणि ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ७८,५०० लिटर पाणी होते, म्हणजे टीसीएल जवळपास ४०० ग्रॅम लागेल. वरीलप्रमाणेच निवळ बादलीत घेऊन, बादली दोराने विहिरीत बुडवून वर-खाली हलवली की द्रावण सगळीकडे मिसळते. शक्यतो रात्री, शेवटचे पाणी भरून झाल्यावर टाकावे, म्हणजे सकाळपर्यंत काम झालेले असते. गढूळ पाण्याला जास्त पावडर लागते, कारण निम्मे क्लोरीन गाळच खाऊन टाकतो.

माप बरोबर होते की नाही, ते ओटी टेस्टने, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या औषधाच्या परीक्षेने कळते. परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग यावा. रंग आलाच नाही तर पाण्यात क्लोरीन शिल्लक नाही, म्हणजे पुढे नळीत जंतू शिरले तर त्यांना अडवणारे काहीच उरलेले नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. ओटीचे औषध विषारी आहे. तपासलेले पाणी पिऊ नये, परत हंड्यात ओतू नये आणि नंतर हात धुवावेत.

‘पाण्याला टीसीएलचा वास येतो’ ही तक्रार ग्रामसभेत हमखास येते आणि मग जलसुरक्षक पावडर टाकणेच कमी करतो. सौम्य वास हा पाणी सुरक्षित असल्याचा पुरावा आहे. फारच नकोसा वाटला तर हंडा फडक्याने झाकून काही तास ठेवावा, वास उतरतो. टाकीला टीसीएल नसेल तेव्हा आशाताईंकडे मिळणारी क्लोरीनच्या द्रावणाची बाटली घरच्या हंड्यापुरती वापरावी. तिची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून थेंब किती हे बाटलीवरच वाचावे, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

घरात : गाळणे, निवळणे, उकळणे

पावसाळ्यात पाणी गढूळ आले तर क्रम असा ठेवावा : आधी निवळवणे, मग गाळणे, मग निर्जंतुक करणे. तुरटीचा खडा पाण्यात दोन-तीन वेढे फिरवून हंडा तासभर न हलवता ठेवला की गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढावे. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण जंतू मरत नाहीत, आणि नितळ पाणी पाहून इथेच थांबण्याची चूक बहुतेक घरांत होते.

गाळण्यासाठी जुन्या सुती साडीचे चार पदर नव्या जाळीदार फडक्यापेक्षा चांगले, कारण वारंवार धुतल्याने जुन्या कापडाचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात. ही निव्वळ आजीची समजूत नाही. बांगलादेशातील खेड्यांत शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले; कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडावर अडकतात. आपल्याकडचा नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा जंत, हाही पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि पाणी गाळून प्यायला शिकवूनच हटवला गेला. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. मात्र सुटे जंतू कापडातून आरपार जातात, त्यामुळे गाळल्यानंतर क्लोरीन किंवा उकळणे हवेच. गाळताना फडक्याची एकच बाजू नेहमी वर ठेवावी आणि ते रोज धुऊन कडक उन्हात वाळवावे.

उकळण्याबाबत अतिशयोक्तीच जास्त ऐकू येते. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते; वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज आपल्या उंचीवर तरी नाही. महत्त्वाचे ते पुढे : ज्या पातेल्यात उकळले त्यातच झाकून निववावे. उकळलेले पाणी न धुतलेल्या कळशीत ओतले की सगळा खटाटोप वाया. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू बऱ्याच अंशी घटतात, हे खरे आहे, पण गावात साथ असताना तेवढ्यावर विसंबू नये.

साठवणीचे भांडे जमिनीवर न ठेवता तिवईवर किंवा ओट्यावर ठेवावे. झाकणावर पेला ठेवू नये; तो खुंटीला किंवा मांडणीत पालथा ठेवावा. नळाची तोटी असलेला माठ किंवा पिंप सर्वांत उत्तम, मात्र तोटीचे तोंडही आठवड्याला घासले पाहिजे. आदल्या दिवशीचे पाणी शिळे म्हणून ओतून देण्याची पद्धत दुष्काळी गावांना परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. झाकलेले, हात न लागलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. भांडे धुताना उरलेले पाणी त्याच धुण्याला वापरावे.

आरओ घ्यावा का

दौंड तालुक्यातील माझ्या आत्याच्या घरी एक विक्रेता आला. त्याने दोन पेले मांडले, एकात घरचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले उपकरण बुडवून वीज सोडली. घरचे पाणी पाहता पाहता तपकिरी, फेसाळ झाले, त्याचे तसेच राहिले. आत्या घाबरली. मी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगितल्या, तेव्हा तेही पाणी तपकिरी झाले. ती घाण पाण्यातली नसतेच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी कांडीच विरघळून तिचा गंज पाण्यात उतरतो. टीडीएस मीटरचेही असेच : तो क्षारांचा अंदाज देतो, जंतूंविषयी एक अक्षर सांगत नाही. ८० टीडीएसच्या पाण्यात कावीळ असू शकते.

तेव्हा सरळ हिशेब करावा. टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये हीच रेषा धरली होती. तिथे साधा फिल्टर आणि क्लोरीन किंवा यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा, पुरते, आणि यूव्हीला वीज लागते हे भारनियमनाच्या गावाने विसरू नये. क्षार किंवा नायट्रेट अहवालातच मर्यादेबाहेर असतील तर आरओ उपयोगी आहे, पण लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाणारे पाणी भांडी-फरशीसाठी साठवण्याची सोय आधी करावी. गावच्या आरओ केंद्राचा किंवा थंड पाण्याचा जार घेत असाल, तर जार आतून धुतला जातो का, हे विचारावे. आत शेवाळाची हिरवी रेघ असलेला जार परत करावा.

पावसाळा, आणि साथ आली तर

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा अतिसाराचा जंतू सापडला आणि सगळ्यांचे लक्ष विहिरीच्या पाण्याकडे गेले. तो ना पावसाळा होता ना दुर्गम वाडी. म्हणून टीसीएल हे केवळ जून ते सप्टेंबरचे काम समजू नये.

शेजारच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब सुरू झाले तर पाण्यावर पहिला संशय घ्यावा, त्याच दिवशी आशाताईंना आणि आरोग्य उपकेंद्राला कळवावे, आणि निकालाची वाट न पाहता सर्वांनी पाणी उकळून प्यायला लागावे. रुग्णाला ओआरएसचे पाकीट द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. चमचा चहाचाच घ्यावा, मीठ वाढवू नये. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

गावाच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होते आणि त्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका मोठा. पुढच्या ग्रामसभेला जाताना तीन गोष्टी मागाव्यात : यंदाचे कार्ड, टीसीएलच्या साठ्याची आणि ओटी टेस्टची नोंदवही, आणि शेवटचा प्रयोगशाळेचा अहवाल. जाता जाता टाकीवर रंगवलेली धुण्याची तारीखही वाचावी, आणि ती तीन महिन्यांहून जुनी असेल तर तसे नोंदवहीत लिहून घ्यायला सांगावे.